ई-रीडर घेताना केबल तपासा

‘किंडल घेऊ की कोबो?’ हा प्रश्न वाचक आता ग्रंथपालालाच विचारतात, विशेषतः साठी ओलांडलेले वाचक. किमतीची आणि पडद्याची तुलना कुठेही मिळते. आपण दोन गोष्टी पाहाव्यात. घरात संगणक नसेल तर यंत्र कितपत चालेल? आणि संगणकाला जोडले तर ते कितपत मोकळे आहे?

सोनीने २००६ साली अमेरिकेत आणलेल्या रीडरमध्ये पुस्तक भरायचे तर संगणक लागेच. पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्या किंडलने ती अट काढली. पुस्तक मोबाइलच्या जाळ्यावरून थेट यंत्रात उतरू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे मराठी पुस्तकांसाठी दार उघडले. आज आपल्याजवळची ईपब फाइलही फोनवरून ‘सेंड टू किंडल’ने पाठवता येते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ वाचकाला मी निःशंकपणे किंडलच सुचवीन.

ग्रंथालयाचे तसे नाही. साहित्य संस्कृती मंडळाची किंवा ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके बहुतेक पीडीएफमध्ये आहेत, आणि सहा इंची पडद्यावर त्यांची अक्षरे मुंगीएवढी दिसतात. स्कॅन केलेल्या पानांचे समास संगणकावर कापले तर वाचन सुसह्य होते. मजकूर निवडता येत असेल तर कोविद गोयल यांच्या ‘कॅलिबर’ने ईपब करता येते, पण जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली पीडीएफ असेल तर हाती निरर्थक अक्षरे येतात. युनिकोड मजकुरातही वेलांट्या आणि जोडाक्षरे जागा सोडतात. मुद्रितशोधन टळत नाही. हे काम फोनवर करवत नाही, त्यासाठी संगणकापुढेच बसावे लागते.

इथे कोबो उजवा ठरतो. केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा उघडतो, ईपब टाकायची की झाले. किंडलमध्येही केबलने स्वतःच्या फाइली जातात, पण २०२४ च्या मॉडेलांना मॅकवर वेगळे सॉफ्टवेअर लागते. शिवाय विकत घेतलेले पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. जुलै २००९ मध्ये याच कंपनीने ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरून पुसली होती. पैसे परत मिळाले, पुढे माफीही मागितली गेली. तरीही दाखलनोंद केलेले पुस्तक कपाटातून कोणी परस्पर काढून नेणे आपल्या व्यवसायाला मान्य होणार नाही.

म्हणून ग्रंथालयासाठी यंत्र घेताना केबलची वाट मोकळी आहे ना, हे आधी पाहा, आणि मोफत ईपबची एक प्रत ग्रंथालयाच्या डिस्कवर ठेवाच. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एक मराठी ईपब केबलने त्यात टाका. ‘ऱ्हास’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘कऱ्हाड’ हे शब्द नीट उमटले, तरच पावती फाडायला सांगा.