संमती कुणाची, अंगठा कुणाचा?

भिलाईच्या पोलाद वसाहतीत अलीकडेच एका कामगाराच्या घरी जाण्याचा योग आला. मुलगा अकरावीत, प्रवेश परीक्षेची बरीचशी तयारी मोबाइलवरच चालते. ‘मुलगा त्यावर आणखी काय पाहतो, याची कल्पना आहे का?’ असे मी विचारताच वडील हसून म्हणाले, ‘माझ्याच फोनचा पासवर्ड मला तो सांगतो.’ मला मात्र हसू आले नाही. आपल्या धोरणातील सर्वांत मोठी उणीव त्या उत्तरात होती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाईही केली. हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या घरात वडिलांचा ओटीपी मुलगाच वाचतो, तेथे ही संमती न वाचलेल्या दस्तावर उमटवलेल्या अंगठ्याइतकीच ठरते.

भिलाईला हा धोका परका नाही. ‘महादेव’ या सट्टेबाजीच्या ॲपचे प्रवर्तक म्हणून तपास यंत्रणांनी ज्यांच्यावर आरोप ठेवले, ते याच शहरातले. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘महादेव’सह २२ बेकायदा सट्टा ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदाही झाला. तरीही पालकांची चिंता बहुधा अश्लील चित्रफितींपाशीच थांबते. खेळातून सट्ट्याकडे, अनोळखी मैत्रीतून धमकीकडे, वापरायला दिलेल्या बँक खात्यातून गुन्ह्याकडे नेणारी वाट त्यांना दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. आपल्याकडे जिथे अभ्यासच फोनवर होतो, तिथे केवळ बंदीने भागणार नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले, मोठ्यांचेही. भोंगा धोके शिकवत नाही, पण जबाबदारी मोठ्यांपासून सुरू होते, हे सांगतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळांनी कामगारांच्या पाळ्या पाहून पालकसभा घ्याव्यात. तिथे पालकांच्या हातात फोन देऊन खात्यांचे व्यवहार तपासणे, आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वापरणे शिकवावे. कंपन्यांनीही संमतीची विनंती पालकांना कळेल अशा भाषेत मांडावी. मुलगा चुकला तर ते घरी सांगण्याची भीती त्याला वाटू नये, एवढे मात्र पालकांनाच करावे लागेल.