ट्रक कॅम्परचा उन्हाळा कोणाच्या जमिनीवर?

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेच्या पश्चिम भागातील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली छोटी खोली, तिच्यात बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी. मागे टांगलेल्या दोन माउंटन बाइक. दूरस्थ कामाची सवलत रुळल्यापासून आठवडा-दोन आठवड्यांच्या सहलीऐवजी संपूर्ण उन्हाळा असा काढण्याची कल्पना संगणक क्षेत्रातील अनेकांना व्यवहार्य वाटू लागली आहे. ही मोकळीक वाहनामुळे मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. २०२५ मधील राजकीय घडामोडींनी मात्र तिचा खरा आधार उघड केला. तो आधार म्हणजे सार्वजनिक जमीन.

या प्रवासाचे वेळापत्रक तापमान ठरवते. वसंतात युटा राज्यातील मोअबच्या तांबड्या खडकांवर सायकल चालवणे सुखाचे असते. जुलैमध्ये तोच खडक भाजून काढतो. मग प्रवासी उंची गाठतात. कोलोरॅडोतील सुमारे ८,९०० फुटांवरचे क्रेस्टेड ब्यूट किंवा आयडाहोतील केचम ही त्यांची मध्य उन्हाळ्याची ठिकाणे. सप्टेंबर सरला की पुन्हा फ्रुटा, पुन्हा मोअब. खर्चाचे गणित मात्र सोपे नाही. पाणी, सामान आणि माणसांसह कॅम्परचे वजन साध्या पिकअपच्या भारक्षमतेबाहेर सहज जाते. त्यामुळे अधिक दणकट ट्रक घ्यावा लागतो आणि इंधनही जास्त लागते. तरीही महिनोन् महिने हे परवडते, कारण बहुतेक रात्री मुक्कामाचे भाडे द्यावे लागत नाही.

ते द्यावे लागत नाही, कारण भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर आणि वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर संघराज्याची जमीन आहे. तिच्या मोठ्या भागावर, निर्बंध नसलेल्या ठिकाणी, साधारणपणे १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क मुक्काम करता येतो. त्यानंतर जागा बदलावी लागते. युटाचा तर निम्म्याहून अधिक भूभाग संघराज्याच्या मालकीचा आहे. १९७६ च्या कायद्याने ही जमीन सर्वसाधारणपणे राष्ट्राच्याच मालकीत राहावी, हे धोरण स्वीकारले. त्यापूर्वीचा दीर्घ काळ ती वसाहतकार, रेल्वे कंपन्या आणि राज्ये यांना वाटून देण्याचा होता.

जून २०२५ मध्ये या धोरणालाच धक्का देणारा प्रस्ताव सिनेटमध्ये पुढे आला. युटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात अशी तरतूद सुचवली की, पश्चिमेकडील ११ राज्यांतील सुमारे २० ते ३० लाख एकर जमीन विकणे बंधनकारक असावे. घरांची टंचाई हे त्यामागचे कारण सांगितले गेले. ते कारण निराधार नव्हते. मोअब किंवा केचमसारख्या पर्यटनस्थळी हॉटेलात, दुकानात राबणाऱ्यांना घर मिळणे खरोखरच दुरापास्त आहे. काहींना गाडीतच राहावे लागते. पर्यटकाचा छंद आणि कामगाराची अगतिकता एकाच मोकळ्या माळावर शेजारी-शेजारी उभी असते. आक्षेप असा होता की, विकलेल्या जमिनीवर उभी राहणारी घरे सामान्यांना परवडतील, याची पुरेशी हमी प्रस्तावात नव्हती.

पुढचा घटनाक्रम उद्बोधक आहे. अर्थसंकल्पाशी थेट संबंध नसलेल्या तरतुदी साध्या बहुमताने मंजूर होणाऱ्या अशा विधेयकात घालता येत नाहीत, या नियमावर सिनेटच्या संसदीय सल्लागारांनी बोट ठेवले. ली यांनी प्रस्ताव आटोपता घेतला. तरी २८ जूनला त्यांना तो मागे घ्यावा लागला. विरोध केवळ डेमोक्रॅट पक्षाचा नव्हता. मोंटाना आणि आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटरही विरोधात उभे राहिले. शिकारी, मासेमारी करणारे, गिर्यारोहक आणि सायकलस्वार एरवी एकमेकांकडे संशयाने पाहतात. या प्रश्नावर ते एका बाजूला आले.

या एकजुटीतही एक जुना तणाव आहे. १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याने राखीव ठरलेल्या प्रदेशांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि सायकलही त्या बंदीत मोडते. ही बंदी शिथिल व्हावी, अशी काही सायकलस्वारांची जुनी मागणी. ती विधेयकाच्या रूपाने सिनेटमध्ये मांडणाऱ्यांत हेच माइक ली होते. वाटा खुल्या करू पाहणारा नेताच पुढे जमिनीच्या विक्रीचा पुरस्कर्ता ठरला. आपल्या छंदाला अनुकूल असलेला लोकप्रतिनिधी त्या छंदाच्या भूमीलाही अनुकूल असेलच असे नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे.

विक्री टळली म्हणून प्रश्न मिटलेला नाही. २००१ च्या रस्ताविरहित क्षेत्र नियमाने सुमारे ५.८५ कोटी एकर वनभूमीवर नवे रस्ते आणि बहुतांश वृक्षतोड रोखली. वन्यक्षेत्रांप्रमाणे येथे सायकलला सरसकट बंदी नाही; म्हणूनच दूरवरच्या अनेक पायवाटांसाठी हा नियम कवचासारखा आहे. तो रद्द करण्याचा इरादा कृषी विभागाने जून २०२५ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षाच्या आरंभी वनसेवेतील हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचे आदेश निघाले; त्यांतील अनेकांना न्यायालयीन हस्तक्षेपामुळे परत घेतले गेले, तरी विस्कळीतपणा व्हायचा तो झालाच. कोसळलेली झाडे हटवणे, वाटांची डागडुजी, शौचालयांची सफाई ही कामे मनुष्यबळाविना होत नाहीत. जमीन विकली नाही, तरी ती सांभाळायला माणसे ठेवली नाहीत, तर ती हळूहळू निरुपयोगी होते.

उपभोग घेणाऱ्यांचाही यात वाटा आहे. गर्दीने मोअब परिसरातील मोकळे मुक्काम आक्रसत गेले. अनेक ठिकाणी नेमून दिलेल्या जागीच थांबावे लागते आणि मैला सोबत परत न्यावा लागतो. महाराष्ट्रातील गायरानांचे काय झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सर्वांच्या मालकीची जमीन कोणाचीच नाही असे मानले गेले, तेथे अतिक्रमण आणि दुर्लक्ष यांनी हातात हात घालून काम केले.

व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या वादात मत नाही, पण आवाज आहे. संघीय नियमांतील बदलांवर मागवल्या जाणाऱ्या सार्वजनिक सूचना पाठवण्यासाठी नागरिकत्वाची अट नसते. ट्रकची भारक्षमता आणि सायकलचे चाक निवडताना तासन् तास अभ्यास करणाऱ्यांनी त्यातील एक तास अशा सूचनेसाठी राखून ठेवला, तर विनाशुल्क मुक्कामाचे मोल काही अंशी तरी चुकते होईल.