पडीक कशास म्हणावें?

पावसाळा सुरू झाला कीं आपल्या सुशिक्षित समाजांत वृक्षारोपणाचा उत्साह दरवर्षीं नव्यानें संचरतो. शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी, पेढ्यांतील अधिकारी, हौशी मंडळी, सारे रोपें घेऊन गांवाबाहेरच्या माळावर जातात, खड्डे खणतात आणि पुण्यकर्म केल्याच्या समाधानानें घरीं परततात. सरकारही मागें राहिलें नाहीं. महाराष्ट्रांत 2016 ते 2019 या चार वर्षांत 50 कोटींहून अधिक झाडें लावण्याचा संकल्प सोडण्यांत आला. या मंडळींच्या हेतूविषयीं आम्हांस यत्किंचितही शंका नाहीं. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे कृति योग्य ठरतेच असें नाहीं. आणि आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, खऱ्या माळरानावर झाडांची दाटी करणें ही सृष्टीची सेवा नसून नासधूस आहे.

या अनर्थाचें मूळ ‘पडीक’ या एका शब्दांत आहे. इंग्रजी अमदानींत ज्या जमिनीपासून सारा मिळत नसे, ती महसुली दप्तराच्या दृष्टीनें फुकट गेलेली जमीन होती. इंग्रज गेले, पण दप्तराची ती दृष्टि गेली नाहीं. केंद्र सरकारनें 2000 सालीं पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यांत खुरट्या झुडुपांचे माळ व चराऊ रानें यांचीही गणना झाली. एकदां जमीन पडीक ठरली, कीं तिच्यावर कोणीं कांहींही करावें. मग तो कारखाना असो, सौर पत्र्यांचें शेत असो, कीं झाडांची लागवड असो.

वस्तुस्थिति काय आहे? महाबळेश्वरीं वर्षास 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस माण तालुक्यांत उतरावें, तों तो 500च्या आसपास येतो. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाच्या या छायेंत, मुरमावरच्या वीतभर मातींत, दाट अरण्य स्वभावतः वाढत नाहीं. तेथें गवत वाढतें. पवन्या, डोंगरी, शेडा, मारवेल, कुसळी हीं गवतें या भूमीचे खरे मालक होत. त्यांचे कोंब जमिनीलगत दडलेले असतात. म्हणून गुरांनीं चरलें, वैशाखांत वाळलें, वणव्यानें जळलें, तरी पहिल्या पावसासरशीं माळ पुन्हा हिरवा होतो. ज्यास आपण मृत समजतों तो निजलेला असतो, इतकेंच.

प्राण्यांचेंही तसेंच आहे. काळवीट शत्रूस दुरून पाहून धांव घेतो. त्यास मोकळें रान हवें. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालतात. माळढोक तर बहुधा एकच अंडें घालतो, तेंही जमिनीवर; चहूंकडे नजर पोंचेल अशा जागींच त्यास निर्धास्त वाटतें. लांडगा आणि खोकड यांचा संसारही येथलाच. या जीवांना झाडांची सांवली म्हणजे आश्रय नव्हे, ती शत्रूची दबा धरून बसण्याची जागा होय. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरांत 1979 सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें. आज तेथें एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रांत छापण्याजोगी बातमी ठरते. शेती, विजेच्या तारा व शिकार हीं त्याचीं कारणें आहेतच. पण सोलापूर-पुण्याकडील कित्येक माळांवर मध्य अमेरिकेंतून आणलेलें गिरिपुष्प लावून आपणही त्यांत भर घातली, हें विसरूं नये.

आमचे प्रतिपक्षी म्हणतील, “येथें पूर्वीं अरण्यच होतें, माणसानें तोडलें म्हणून माळ झाला.” कांहीं ठिकाणीं हें खरें असेल, सर्वत्र नाहीं. या उपखंडांत गवताळ रानांचा विस्तार सुमारें 70 ते 80 लक्ष वर्षांपूर्वीं झाल्याचा पुरावा शिवालिक टेकड्यांच्या मातींत सांपडला आहे. त्या काळीं कुऱ्हाड चालविणारा मानव कोठें होता? आपल्या वाङ्मयाची साक्षही हीच आहे. 2025 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयांतील रानवनस्पतींचे उल्लेख तपासण्यांत आले. त्यांतील निम्म्याहून अधिक वनस्पति उघड्या, गवताळ रानांतल्याच निघाल्या. साडेसातशें वर्षांपूर्वींही आपला देश असाच होता.

दुसरा आक्षेप हवेंतील कर्बाचा. झाडें कर्ब शोषतात, हें कोण नाकारील? परंतु गवत आपला कर्ब मुख्यतः मुळांत व मातींत ठेवतें. वणवा आला तर झाड जळतें आणि त्याची ठेवही जाते. गवताची ठेव बहुतांशीं जमिनीखालीं सुरक्षित राहते.

आणि या वादांत ज्यांस कोणी विचारीत नाहीं, त्या धनगरांचें काय? पावसाळ्यांत माळावर व दिवाळीच्या सुमारास कोंकणाकडे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. लागवडीभोंवतीं चर खणून ‘चराईबंदी’ची पाटी लावली, कीं मेंढ्यांच्या तोंडचा घांस गेला. आपल्या रविवारच्या पुण्याची किंमत दुसऱ्यानें बारा महिने भरावी, हा कोठला न्याय?

आम्ही झाडांचे वैरी नाहीं. शहरांतल्या रस्त्यांच्या कडेस, ओढ्याकांठीं, जेथें खरोखरच रान तोडलें गेलें तेथें, अवश्य झाडें लावा, आणि लावलेलीं जगवा. परंतु माळावर खड्डा खणण्यापूर्वीं तेथें काय उगवतें, काय चरतें आणि काय अंडीं घालतें, हें एक वर्षभर पाहा. मुलांस दहा झाडांप्रमाणें दहा गवतांचीं नांवेंही शिकवा. आणि सरकारी दप्तरांतून माळरानांस ‘पडीक’ म्हणण्याची चाल बंद करावी, अशी मागणी आपण सर्वांनीं एकमुखानें केली पाहिजे. हा शब्द दप्तरांत राहील तोंवर या माळांस कायद्याचें संरक्षण मिळण्याची आशा आम्हांस दिसत नाहीं.