जहाज थांबत नाही, आदल्या दिवशी मुंबई गाठा

समृद्धी महामार्ग मुंबईच्या दाराशी पोहोचल्यापासून आपल्या छत्रपती संभाजीनगरात एक हिशेब फार ऐकू येतो. सकाळी सातला घर सोडायचं, अकरा-साडेअकराला बंदरावर, दोन वाजता जहाजात आणि संध्याकाळी डेकवर चहा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, कसारा घाट टळला आणि नकाशात मुंबई खरंच जवळ आली. तरीही ज्यांनी क्रूझचं तिकीट काढलंय किंवा दिवाळीच्या सुट्टीत काढायचा विचार चाललाय, त्यांना हात जोडून सांगणं आहे: त्याच दिवशी घरून निघू नका. आदल्या दिवशी मुंबई गाठा.

हिशेब चुकतो तो आमणेला. समृद्धी तिथे, भिवंडीजवळ संपतो. बॅलार्ड पिअर तिथून आणखी पन्नासेक किलोमीटर. माळीवाड्याहून वर चढलात की अडीच-पावणेतीनशे किलोमीटर गाडी लोण्यासारखी जाते आणि मग वडपे, भिवंडी बायपास, माजिवडा, मुलुंड हा पट्टा सुरू होतो. भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर, नाशिकहून आलेले ट्रक आणि तुम्ही, सगळे एकाच रांगेत. पुढे चेंबूरहून पूर्व मुक्त मार्ग पटकन खाली नेतो खरा, पण तो उतरतो पी. डि'मेलो रोडवर ऑरेंज गेटपाशी, आणि तिथूनच मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम निघालेलं आहे. या पन्नास किलोमीटरना सव्वा तासही लागतो आणि तीन तासही. किती लागतील ते मोबाईलवरचा नकाशा सकाळी सात वाजता सांगू शकत नाही.

आपल्याला सवय एसटीची. चुकली तर तासाभरात दुसरी मिळते. जहाजाचं तसं नाही. बंदर सोडताना जहाजावर बंदराचा पायलट चढतो, ओढायला टग येतात, धक्का रिकामा करायची वेळ ठरलेली असते. प्रवाशांची यादीही सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, एक जहाज सुटण्याची आणि एक चेक-इन बंद होण्याची. आपण वाचतो पहिली, कामाची असते दुसरी. उशीर झाला तर फाटकातला माणूस काहीही करू शकत नाही, आणि पैसे परत मागण्यात अर्थ नसतो. नियमांच्या ज्या पानावर आपण न वाचता ‘मान्य’ दाबलं, तिथे ते लिहिलेलं असतं.

सातवाहनांच्या काळी पैठणचा माल भडोच बंदरावर पोहोचायला वीस दिवस लागायचे, असं त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय. बैलगाड्या आणि धड वाट नसलेला मुलूख. आपल्याला एक दिवस जास्तीचा जड जातोय!

खरं विचाराल तर गाडी घरीच ठेवा. देवगिरी एक्सप्रेस रात्री आपल्या स्टेशनात येते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटर, सामान घेऊन टॅक्सीत दहा मिनिटं. झोप झालेली, पार्किंगची कटकट नाही, टोल नाही. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी वेळ हाताशी राहते. म्हणून आदल्या दिवशी मुंबई गाठण्याला एवढा एकच पर्याय मी मान्य करतो. सकाळची वंदे भारत मात्र त्या दिवसासाठी धरू नका. ती मुंबईत दुपारी पोहोचते, तोवर काउंटर बंद होण्याच्या बेतात असतं. आदल्या दिवशी जायला मात्र ती उत्तम.

लेकरं आहेत, आजी आहेत, चार बॅगा आहेत, गाडीशिवाय जमणार नाही असं असेल तर ठीक. पण आधी खाली वाकून टायर बघा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. शहरात चाळीसच्या वेगाने ते वर्षानुवर्षं निभावतं, पण सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर एकशे वीसच्या वेगाने दोन तास चाललं की फुटू शकतं. हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीत लिहिली आहे तेवढी, आणि टायर थंड असताना भरायची. निघताना नाक्यावरच्या पोराने ‘जरा जास्त मारतो, लांब जायचंय ना’ म्हटलं तर नको म्हणा.

दुसरी गोष्ट झोपेची. रस्ता सरळ, कडेला गाव नाही, म्हैस आडवी येत नाही, हॉर्न नाही. डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्री, आपल्याच जिल्ह्यात वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी मिनीबस ट्रकवर आदळून बारा माणसं गेली. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ म्हणून रात्री निघणाऱ्यांनी हे आठवावं. उजेडात निघा, तासा-दीड तासाने उतरा, आणि गाडी रस्त्याच्या कडेला न लावता ठरलेल्या थांब्यावरच लावा. डिझेल-पेट्रोल शहरातच भरून घ्या, समृद्धीवर पंपाची आणि शौचालयाची वाट बघण्यात मजा नाही. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आला की लेकरं ओरडतील, व्हिडिओ काढायला लावतील. काच खाली करून हळू चालवू नका, मागून येणाऱ्याला ते दिसत नाही.

गाडी ठेवायची कुठे? इथे आपला जुना मराठी मार्ग सगळ्यात चांगला. ठाणे, डोंबिवली किंवा मुलुंडला कुणी आत्या, मामा, मावसभाऊ असतोच. आदल्या दिवशी त्यांच्याकडे जा, सोसायटीत गाडी लावायची परवानगी त्यांना आधीच काढायला सांगा आणि सकाळी टॅक्सीने बंदर गाठा. लोकलने जाणार असाल आणि दिवस रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून घ्या. नातेवाईक नसतील तर बंदरावर रात्रभर गाडी ठेवता येते का, दर किती, हे क्रूझ कंपनीला आधी विचारा. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यावर ‘बघू, मिळेल कुठेतरी’ या भरवशावर गाडी घेऊन जाऊ नका.

पत्त्याचाही घोळ होतो. मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. भाऊचा धक्का वेगळा, गेटवे वेगळं. २०१८ मध्ये गोव्याला जाणारी आंग्रिया क्रूझ भाऊच्या धक्क्याकडून सुटायची, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबलेली माणसं अजून तिकडे वळतात. तिकिटावरचं ठिकाण टॅक्सीवाल्याला वाचून दाखवा.

आधार कार्ड मूळ घ्या, मोबाईलमधल्या फोटोवर भांडण ओढवून घेऊ नका. लहान मुलांचं ओळखपत्रही लागतं. श्रीलंकेसारख्या परदेशी फेरीला पासपोर्ट, लक्षद्वीपला परवाना. गरोदर सुनेला किंवा तान्ह्या बाळाला नेणार असाल तर पैसे भरण्याआधी नियम विचारा, बहुतेक जहाजं ठरावीक महिन्यांनंतर गरोदर स्त्रीला घेत नाहीत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड घरी ठेवा, जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी. आणि डबा! आपण मराठवाड्याची माणसं धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ते वाटेत खाऊन संपवा. बाहेरचं शिजवलेलं अन्न जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, आणि एक्स-रे यंत्रापुढे उभं राहून आईने पहाटे उठून केलेले धपाटे टाकून द्यायची वेळ कुणावर येऊ नये. शाकाहारी, जैन, उपवासाचं काय मिळेल ते बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

बुकिंगबद्दल थोडं खडसावून सांगतो. जाहिरातीत दिसतं ते कॅरिबियन समुद्रातलं वीस मजली जहाज. मुंबईहून गेली काही वर्षं फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, साधारण २११ मीटर लांबीचं जहाज आहे. चांगलं मोठं आहे, पण ते जाहिरातीतलं नव्हे. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकी नसते. ‘एवढ्यात सगळं’ म्हणून सांगितलेल्या किमतीवर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क चढतं. शीतपेयं, मद्य, वायफाय, गोव्यातली सहल यांचे पैसे वेगळे. एजंटाला विचारा: सगळं धरून माणशी किती? ते लेखी घ्या. पैसे भरल्यावर बुकिंग क्रमांक थेट कंपनीकडे तपासा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळतो, तेव्हा हे जहाज चेन्नईच्या बाजूला नेलं जातं. त्यामुळे जुलैत मुंबई-गोवा क्रूझ स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे जरा रोखून बघा.

आता भीतीचं. समुद्र न पाहिलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना बुडण्याची भीती वाटते, आणि त्यांना हसू नये. मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. आठ संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत: आग, चोर, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि त्यांतच बुडणारं गलबत. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरात बसून कुणा कारागिराने ते कोरलं, म्हणजे या वाटेवरून बंदराला जाणाऱ्यांच्या घरी ही धास्ती तेव्हाही होती. कोकणातल्या माणसाला १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ आठवते. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

या भीतीवर उतारा एकच, आणि जहाजावर चढल्या चढल्या तो तुम्हाला फुकट दिला जातो. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना जमवून सराव घेतात: कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, कुठल्या बोटीत बसायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपली माणसं नेमकी तेव्हाच बुफेकडे पळतात किंवा खोलीत जाऊन लोळतात. तसं करू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे भलं मोठं जहाज खडकावर चढून कलंडलं, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर निघण्याआधीच सराव घेण्याची रीत पक्की झाली. आजींना हाताला धरून घेऊन जा, त्यांच्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंतचे जिने मोजून दाखवा. एकदा जॅकेटचा पट्टा स्वतःच्या हाताने बांधला की त्यांची अर्धी धास्ती कमी होते, बाकीची रात्रीच्या जेवणात जाते.

आदल्या दिवशी मुंबईत वेळ मिळाला म्हणून घारापुरीला जाणार असाल तर तिथेही जॅकेट मागून घ्या आणि घाला, उकडलं तरी. १८ डिसेंबर २०२४ ला तिकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, ते आठवत असेलच.

पोटात ढवळण्याची तक्रार बऱ्याच जणांना होते. खोली निवडता आली तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हालचाल कमी. मळमळायला लागलं तर खोलीत पडून मोबाईल बघू नका, डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी राहू नका. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. या गोळ्यांनी झोप येते, हे गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा तुमच्या खोलीत यायला बराच वेळ लागतो.

किनारा सुटला की मोबाईल विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं गेलं तर घरी आल्यावर बिल बघून पोटात गोळा येईल. शेजाऱ्यांना आणि दुकानातल्या माणसाला आधीच सांगून ठेवा, दोन दिवस फोन लागणार नाही.

गोव्याला जहाज मुरगावला लागतं, म्हणजे दक्षिणेकडे. आपल्या लोकांना जायचं असतं कळंगुटला, उत्तरेकडे. मध्ये वास्को, पणजी आणि सुट्टीची गर्दी. जहाजावर परतण्याची वेळ सांगितलेली असते, ती भिंतीवरच्या घड्याळाइतकीच खरी. उशीर झाला तर मुरगावहून मुंबईला आपल्या खर्चाने यावं लागतं, बॅगा आपल्याशिवाय पुढे जातात. वास्कोच्या आसपासचा बोगमाळोचा किनारा बघा, कळंगुट पुढच्या खेपेला.

आणि परतीचा दिवस. जहाज सकाळी मुंबईला लागतं. शेवटची रात्र नाचगाण्यात, पत्त्यांत गेलेली असते, झोप जेमतेम तीन-चार तास. सामान मिळून बाहेर यायला दहा-अकरा वाजतात आणि लगेच स्टिअरिंगवर बसून ‘चला, चारला घरी’ सुरू होतं. उन्हाची वेळ, पोटभर न्याहारी, सरळ रस्ता. त्यापेक्षा दुपारी सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत किंवा जनशताब्दी धरा, तिकीट जातानाच काढून ठेवा. गाडी नेलीच असेल तर ठाण्याला आत्याकडे जेवा, दोन तास आडवं व्हा, रात्र तिथेच काढायचा आग्रह झाला तर मोडू नका. सोमवारी ऑफिसला दांडी पडली तर पडू द्या.