पाव हिश्श्याचा हक्क

पावसाळा तोंडावर आला की गिरगाव-परळच्या जुन्या चाळींतून मालकाकडे अर्जविनंत्या सुरू होतात. कौले फुटलेली, संडासाच्या गळक्या पाइपाने भिंत ओली, मोरीची जाळी गंजलेली आणि त्या वाटेने घुशी थेट घरात. मालकाचे उत्तर ठरलेले असते : एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती होत नाही. या उत्तरात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पुष्कळ भाडी १९४० च्या पातळीला जखडून राहिली आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दिलेली वार्षिक चार टक्क्यांची वाढ त्या पायावर नगण्यच ठरते. परंतु खोली हस्तांतरित होताना पागडीतला वाटा घेणारा मालक हिशेबाच्या वेळी मात्र तेवढे भाडेच पुढे करतो. हा अर्धाच जमाखर्च झाला. शिवाय इमारत कोसळली तर छप्पर भाडेकरूचे जाते. जमीन मालकाचीच राहते आणि तिचे मोल वाढलेलेच असते. दुर्लक्ष परवडते ते यामुळे.

याच कायद्याचे कलम १४ निःसंदिग्ध आहे. भाडेकरूने उलट करार करून दिला नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. मेख येथेच आहे. महिना दोनशे रुपये भाडे असेल तर वर्षाला सहाशे रुपये वळते होणार. त्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरी तरी निघते काय? एकट्या भाडेकरूला दिलेला हा हक्क म्हणजे जवळजवळ कागदी हक्क होय. परंतु नोटीस आणि दुरुस्ती अनेक भाडेकरूंनी संयुक्तपणे करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. वीस बिऱ्हाडे एकत्र आली तर तेच बारा हजार होतात, आणि पाइप, जाळ्या, चेंबरची झाकणे यांची सोय लागते. घुशींची वाट बंद होते ती येथे. नुसत्या विषाच्या गोळ्यांनी नव्हे.

तुळया आणि जिने हे काम अर्थात त्या पैशांत होणारे नाही. त्यासाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, आणि शहर भागातील उपकरप्राप्त इमारतींचे रहिवासी त्यासाठी उपकर भरत आले आहेत. मंडळाकडे जाताना भीक मागायला आल्यासारखे उभे राहण्याचे कारण नाही. गल्लीतले उंदीर महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे. १८९६ चा प्लेग मांडवीत प्रथम दिसला तेव्हापासून उंदीर ही एखाद्या घरापुरती कटकट राहिलेली नाही. आजही लेप्टोचा रुग्ण पावसाळ्यात सापडतोच.

रागाच्या भरात भाडे देणेच थांबवणे हा मात्र आत्मघात आहे. भाडे देण्याची तयारी आहे तोवर थकबाकीच्या कारणावरून घराबाहेर काढता येत नाही. ती ढाल आपल्या हाताने टाकून दिली की मालकाला हवे तेच निमित्त मिळते. म्हणून नोटिशीची पोच, खर्चाच्या पावत्या आणि उरलेले भाडे दिल्याचा पुरावा हे सारे एका वहीत, एका जबाबदार रहिवाशाकडे असावे. चाळीत गणेशोत्सवाची वर्गणी पै-पैसह लिहिली जाते; या वहीला वेगळे कसब लागत नाही.