मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे एक क्विंटल सोयाबीन!

बीबी (ता. लोणार) : मुंबईला जायचं म्हटलं की गावाकडं पहिला प्रश्न गाडीचा नसतो, मुक्कामाचा असतो. कुणाची टाटा रुग्णालयात तपासणी असते, कुणाच्या पोरीची परीक्षा असते, तर कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते. एकटा माणूस कुठंही रात्र काढतो. पण नवरा-बायको आणि दोन लेकरं असली की सगळा हिशोब बदलतो.

साधा हिशोब करून पाहू. खोलीचं भाडं रात्रीला 2,500 रुपये धरलं तर दोन रात्रींचे 5,000 होतात. त्यावर 5 टक्के जीएसटीचे 250. एकूण 5,250 रुपये. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे दोन रात्रींत एक क्विंटल सोयाबीन गेलं. माल हमीभावाच्या खाली विकला असेल तर क्विंटलही पुरत नाही. जेवण आणि टॅक्सी वेगळीच.

दोघांची खोली, चौघांचं कुटुंब

मोबाईलवर दिसणारा भाव बहुतेक वेळा दोन माणसांचा असतो. तिथं पोहोचल्यावर तिसऱ्याच्या गादीचे पैसे लागतात. पोरगं मोठं असेल तर चौथ्याचेही लागतात, नाहीतर दुसरी खोली घ्या म्हणतात. त्यामुळं पैसे भरण्याआधी फोन करून 'आम्ही चौघं, पोरांची वयं इतकी, एकूण किती?' एवढं विचारून घेतलेलं बरं. तीन-चार खाटांची फॅमिली रूम काही लॉजवर असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण वेळेची. जालन्याहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसनं बसलेलं कुटुंब सकाळी मुंबईत उतरतं. बऱ्याच हॉटेलांत मात्र दिवस दुपारी 12 ला सुरू होतो. सकाळीच खोली हवी असेल तर जास्तीचे पैसे मोजावे लागतात. म्हणून 24 तासांच्या हिशोबानं खोली देणारा लॉज आपल्याला परवडतो. रेल्वे स्थानकावरची रिटायरिंग रूमही चांगली पडते. ती तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीकडून आधी बुक करता येते. खोल्या मात्र थोड्या असतात. पॉड हॉटेलची जागा बहुतेक वेळा एका माणसापुरती असते, कुटुंबाला तिचा फारसा उपयोग नाही.

टॅक्सचंही समजून घ्यायला हवं. 18 जुलै 2022 आधी 1,000 रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. त्यानंतर 12 टक्के लागला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आहे. कुणी जुन्या दरानं टॅक्स लावला तर पक्कं बिल मागावं. ज्या लॉजकडं जीएसटी नंबरच नाही, त्याला जीएसटी घेता येत नाही.

धर्मशाळा कमी पडतात

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला शेगावच्या भक्त निवासाची सवय आहे. कमी पैशात स्वच्छ खोली, अन् वागणूकही नीट. मुंबईत तशी सोय शोधायला गेलं तर पुन्हा विदर्भातल्याच संताचं नाव पुढं येतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अशा धर्मशाळांची माहिती मिळते. फाईल काढल्या दिवशीच तिथं विचारावं. 2021 मध्ये म्हाडाची 100 घरं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा आधी ठरलेल्या जागी विरोध झाला आणि ती दुसरीकडं द्यावी लागली. गरज सगळ्यांना कळते, शेजार मात्र कुणाला नको असतो.

आमदार निवासाचा जुना आधारही आटला. मनोरा आमदार निवास नव्यानं बांधायला पाडलं, तेव्हापासून आमदारांनाच खोल्या पुरत नाहीत, मग गावकऱ्यांना कुठून मिळणार?

खोली वाचवायला जीव धोक्यात नको

5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. तेव्हापासून नवाच प्रकार सुरू झाला. रात्री गाडी काढायची, दिवसभर काम उरकायचं आणि रात्रीच परत निघायचं. खोलीचं भाडं वाचतं, पण चालवणाऱ्याला दोन रात्री झोप नसते. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात खासगी बसच्या अपघातात 25 जण जळून गेले. ती जागा बीबीहून लांब नाही. रात्रीच्या प्रवासाचा हिशोब पैशात होत नाही, हे या भागाला वेगळं सांगायला नको.

यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे काम जवळ होत असेल तर मुंबई टाळावी. कॅन्सरचं शासकीय रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथून बऱ्याचदा त्याच दिवशी घरी येता येतं. दुसरा उपाय लोकप्रतिनिधींच्या हातात आहे. रस्ता मुंबईपर्यंत नेला, आता त्या टोकाला जिल्ह्याच्या माणसाला पाठ टेकायला जागा द्या. शंभर खाटांचं साधं निवास झालं, तरी कितीतरी घरांचं सोयाबीन घरात राहील.