उचलीच्या वहीतील अर्धा कोयता

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मागे राहतात ती बहुधा वृद्ध माणसे. बाकीची कुटुंबे ट्रॅक्टरमध्ये वा बैलगाडीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. पर्जन्यछायेतील ही जिराईत शेती पूर्वीही बेभरवशाचीच होती. २०१२, २०१५ आणि २०१८ च्या दुष्काळांनी तिचा उरलासुरला आधारही काढून घेतला. स्वतःच्या रानात पाणी नाही म्हणून ज्या पिकाला सर्वाधिक पाणी लागते तेच तोडायला जायचे, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

'उचल' हा शब्द व्यापारी घराला परका नाही. मुकादम हंगामापूर्वी रक्कम देतो आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटत जाते. पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. वहीत नाव बहुधा पतीचे, श्रम दोघांचे. काम चुकले तर 'खाडा', आणि खाड्याला दंड. तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे स्त्रियांनी सांगितले आहे.

स्त्रीचा दिवस पहाटेच्या अंधारात चुलीपाशी सुरू होतो. मग ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन वाहनाला लावलेल्या फळीवरून वर चढणे. रात्री पुन्हा स्वयंपाक. मुक्काम पाचटाच्या कोपीत. तिथे न न्हाणीघर, न शौचालय, न पुरेसे पाणी. मासिक पाळीतही विसावा नाही, कारण विसावा म्हणजे खाडा. साधा जंतुसंसर्ग अंगावर काढला जातो, दुखणे बळावते आणि दवाखान्यात सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीडमधील ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या अनेक होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक घरांत पुन्हा उचलीतूनच भागला, म्हणजे तो फेडण्यासाठी पुन्हा तोच फड, तीच मोळी. आता कंबरदुखी सोबतीला.

पुढे अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक ठरली. योग्यच झाले. परंतु दवाखान्याच्या दारातील या नियमाने फडावरचा खाडा रद्द होत नाही. आणि पावसाने ओढ दिली की मुकादमाच्या दारी उचलीसाठी पुन्हा गर्दी होते.